रोबॉटने ब्रेल वाचलं, म्हणून मुलांचं ब्रेल बंद करू नका

मागच्या महिन्यात एकच मेसेज मला नऊ जणांनी पाठवला. माहेरच्या ग्रुपवर आला, रामबागेतल्या आमच्या जुन्या शेजाऱ्यांच्या ग्रुपवर आला, आणि ज्यांची मुलं माझ्याकडे शिकतात त्या पालकांच्या ग्रुपवर तर दोनदा आला. मेसेज असा:

"केंब्रिजच्या शास्त्रज्ञांनी रोबॉटला माणसापेक्षा तेज स्पर्श दिला! अंध माणसाच्या दुप्पट वेगाने तो ब्रेल वाचतो. त्याची त्वचा म्हणजे मानवी त्वचेची हुबेहूब नक्कल, आणि हजारपट संवेदनशील. त्याला आता वेदनाही होतात. हात गमावलेल्यांना खऱ्यासारखे हात मिळू लागले आहेत. मुलांना ब्रेल शिकवण्यात वर्षं घालवू नका, यंत्र सगळं वाचून दाखवेल. जास्तीत जास्त लोकांना पाठवा."

मी इंदुरात गेली २२ वर्षं अंध मुलांना ब्रेल शिकवते. शाळेत हिंदीतून, आणि रविवारी सकाळी घरी चार-पाच मराठी मुलांना मराठीतून. हा मेसेज वाचून त्यातल्या एका मुलीच्या वडिलांनी तिचं येणं थांबवलं. मुलगी ९ वर्षांची आहे. म्हणून हे उत्तर, मेसेजच्याच क्रमाने.

दुप्पट वेगाची गोष्ट आधी घेते, कारण त्यात खरं बरंच आहे. जानेवारी २०२४ मध्ये केंब्रिज विद्यापीठाने जाहीर केलं की त्यांच्या रोबॉटने मिनिटाला ३१५ शब्द या वेगाने ब्रेल वाचलं आणि अचूकता ९० टक्क्यांच्या जवळ होती. मुरलेला अंध वाचक मिनिटाला शंभर-सव्वाशे शब्द वाचतो, काही जण त्याच्याही बरेच पुढे जातात. तेव्हा आकडा कुणी मनाने रचलेला नाही. पण त्याच विद्यापीठाने त्याच वेळी हेही सांगितलं होतं की हे यंत्र अंधांच्या मदतीसाठी बनवलेलंच नाही. ब्रेलची टिंबं बारीक आणि दाटीने असतात, ती ओळखायला बोट फार तयारीचं लागतं, म्हणून रोबॉटच्या बोटाची परीक्षा घ्यायला ब्रेल निवडलं. पुढे कृत्रिम हात किंवा नाजूक वस्तू उचलणारे रोबॉट करताना त्याचा उपयोग व्हावा, हा हेतू. मेसेज लिहिणाऱ्याने नेमकं हेच वाक्य गाळलं.

आता ते बोट वाचतं कसं, हे बघू. त्याच्या टोकाला मऊ, रबरासारखी गादी असते. आत छोटे दिवे आणि एक छोटा कॅमेरा. गादी टिंबावर टेकली की तिच्यात खळगा पडतो आणि कॅमेरा आतून त्या खळग्याचा फोटो काढतो. कॅमेरा कागदाकडे बघत नाही, स्वतःच्या कातडीच्या आतल्या बाजूकडे बघतो. कल्पना फार सुंदर आहे. अमेरिकेतल्या एमआयटी विद्यापीठात एडवर्ड एडलसन यांच्या गटाने २००९ च्या सुमारास असं एक साधन दाखवलं, आणि तेव्हापासून जगभर त्याच्या आवृत्त्या निघाल्या. पण त्या फोटोचं पुढे काय होतं? संगणक त्यातलं अक्षर ओळखतो. म्हणजे शेवटचं काम चित्र बघण्याचंच.

हे वाचलं तेव्हा मला माझी स्वतःचीच पद्धत आठवली. मला दिसतं. ब्रेल शिकवणाऱ्या बहुतेक डोळस शिक्षकांसारखी मीही मुलांच्या वह्या डोळ्यांनी तपासते. खिडकीशी कागद तिरका धरायचा, टिंबांच्या बारीक सावल्या पडतात, त्या वाचायच्या. मी भराभर वाचते, माझ्या कित्येक मुलांपेक्षा भराभर. म्हणून माझा स्पर्श त्यांच्याहून तेज आहे, असं कुणी म्हणेल का? डोळे मिटून तेच पान बोटाने वाचायला घेतलं, तर दुसरीतलं मूल माझ्या पुढे जातं.

तरीही त्या प्रयोगातली एक गोष्ट मला मनापासून आवडली, आणि मेसेजमध्ये तिचा मागमूस नाही. आधीची ब्रेल वाचणारी यंत्रं एकेका अक्षरावर बोट टेकवायची, अक्षर ओळखायची, बोट उचलायची, पुढच्या अक्षरावर टेकवायची. केंब्रिजच्या रोबॉटने बोट ओळीवरून सरळ सरकवत नेलं. सरकताना फोटो धूसर येतात, म्हणून स्वच्छ फोटोंना मुद्दाम धूसर करून संगणकाला आधी शिकवलं आणि मग धूसर चित्रातून अक्षर काढायची सवय लावली. सरकवत वाचायचं हे ते कुठे शिकले? आपल्या मुलांच्या बोटांकडून. जीवसृष्टीकडून घेणं म्हणतात ते हेच, आणि घेणाऱ्यांनी ते उघड सांगितलंय.

सरकण्याचं महत्त्व घरबसल्या बघायचं असेल तर पाचशेची कोरी नोट घ्या. दोन्ही कडांना पाच-पाच तिरप्या रेघा उठावात छापलेल्या असतात, अंधांना नोट ओळखता यावी म्हणून. डोळे मिटून त्यांवर बोट नुसतं टेकवून ठेवा. काहीतरी आहे एवढंच कळेल, आणि क्षणभरात तेही विरेल. आता बोट अगदी अलगद सरकवा, रेघा मोजता येतील. आपल्या कातडीतले बरेच मज्जातंतू काहीतरी बदलतं तेव्हाच बोलतात, स्थिर दाबाला लवकरच गप्प होतात. म्हणून मुलांची बोटं ब्रेलवर कधी थांबत नाहीत. सरावलेलं मूल तर दोन्ही हात वापरतं. उजवा हात ओळ संपवत असतो तेव्हा डाव्याने पुढची ओळ शोधून ठेवलेली असते.

आता "त्वचेची हुबेहूब नक्कल, हजारपट संवेदनशील". हा दावा मला सगळ्यात जास्त खटकला, कारण त्यात दोन वेगळ्या गोष्टी एकत्र कालवल्या आहेत.

सेन्सर, म्हणजे दाब-कंपन टिपणारी साधनं, बनवणारे संवेदनशीलता म्हणतात तेव्हा त्यांना एक मोजमाप सांगायचं असतं: इतका दाब वाढला की इतका विद्युत संकेत बदलतो. त्या एका मापात यंत्र कातडीच्या पुढे जाऊ शकतं, यात नवल नाही. आपल्या सराफ्यातला कुठलाही सोन्याचा काटा घ्या. तळहाताला ज्या वजनाचा पत्ताही लागणार नाही ते तो मिलिग्रॅममध्ये सांगतो. म्हणून काट्याला स्पर्श आहे असं सराफ्यात कुणी म्हणत नाही. त्याच पेढीवरचा जुना कारागीर बांगडीच्या आतल्या बाजूने अंगठा फिरवतो आणि डाग कुठे लागलाय, कड कुठे बोचेल ते सांगतो. काट्याचं काम वेगळं, अंगठ्याचं वेगळं.

आणि अंगठ्यात आहे तरी काय? हाताच्या तळव्याच्या बाजूला, बोटं धरून, सुमारे १७,००० स्पर्शतंतू असतात. हा अंदाज स्वीडनचे शास्त्रज्ञ योहान्सन आणि वालबो यांनी १९७९ मध्ये दिला आणि आजही तोच धरतात. त्यांचे चार प्रकार आहेत. एक प्रकार आकार आणि कडा ओळखतो, ब्रेलची टिंबं मुख्यतः त्याच्याच भरवशावर वाचली जातात. दुसरा वस्तू हातातून निसटायला लागली की सांगतो. तिसरा कातडी कुठल्या दिशेला ताणली गेली ते सांगतो. चौथा इतक्या बारीक कंपनांना जागा होतो की हातातल्या काठीचं टोक मातीवर आहे की फरशीवर, हे काठीतून कळतं. अंध माणसाची पांढरी काठी चालते ती या चौथ्याच्या जोरावर. शिवाय गरम-गार वेगळं, दुखणं वेगळं. दाबाने उघडणारं पायझो २ हे प्रथिन, ज्याच्यामुळे आपल्याला हलका स्पर्श कळतो, ते २०१० मध्ये सापडलं आणि त्यासाठी आर्डेम पाटापूटियन यांना २०२१ चं नोबेल मिळालं. म्हणजे मुळात कातडीला स्पर्श कसा कळतो याचंच एक मोठं कोडं आत्ता कुठे सुटतंय. ज्याचा मूळ नमुनाच पुरता उलगडलेला नाही, त्याची हुबेहूब नक्कल कशी होईल?

या क्षेत्रातली माणसं स्वतः हुबेहूबपणाचा दावा करतही नाहीत. ती एकेक युक्ती उचलतात आणि तसं सांगतात. इंग्लंडमधल्या ब्रिस्टलच्या प्रयोगशाळेतला टॅकटिप नावाचा सेन्सर बघा. आपल्या कातडीच्या खालच्या थरात बारीक उंचवटे असतात, वरच्या कातडीची हालचाल ते आत पोहोचवतात. टॅकटिपच्या मऊ टोकात आतून तशाच बारीक खुंट्या आहेत आणि त्यांची हालचाल कॅमेरा टिपतो. अमेरिकेतल्या बायोटॅक या सेन्सरमध्ये कातडीखाली मांसाऐवजी विद्युतवाहक द्रव भरलाय. २०१२ मध्ये त्याने ११७ प्रकारचे पृष्ठभाग ९५ टक्के अचूकतेने ओळखले, आणि तेही कुठली हालचाल करून बघायची हे स्वतः निवडून. दक्षिण कोरियातल्या संशोधकांनी २०१४ मध्ये कोळ्याकडून धडा घेतला. कोळ्याच्या पायाच्या सांध्याजवळ बारीक चिरा असतात, जाळं थरथरलं की त्या उघडमीट करतात. यांनी धातूच्या पातळ थराला मुद्दाम तशा चिरा पाडल्या, आणि अगदी हलकं कंपन टिपणारा सेन्सर तयार झाला. उंदरासारख्या मिशा हलवत अंधारात वाट काढणारे रोबॉट शेफील्ड आणि ब्रिस्टलच्या लोकांनी केले. उंदीर मिशा नुसत्या बाळगत नाही, सेकंदाला कित्येकदा पुढे-मागे फिरवतो, आणि रोबॉटलाही ते फिरवणंच शिकवावं लागलं. हे सगळं वाचताना मला वारंवार वाटलं, आपल्या वर्गातल्या विज्ञानाच्या पुस्तकात हे यायला हवं.

पण यातलं प्रत्येक यंत्र एखाददुसरीच गोष्ट करतं. स्पर्शतंतूंचे चारही प्रकार, गरम-गार, ओल, दुखणं हे सगळं, वाकणाऱ्या, ताणणाऱ्या आणि फाटली तर स्वतःच भरून येणाऱ्या कातडीत, एका बोटाच्या पेराएवढ्या जागेत कुणी बसवलेलं नाही. मऊ गादी घासून झिजते, ती बदलावी लागते. अमेरिकेतल्या कार्नेगी मेलन विद्यापीठाच्या लोकांनी तर त्यांची चुंबकीय कातडी सहज काढून नवी लावता यावी अशीच बनवली. माझ्या वर्गातल्या मुलांची बोटं वर्षानुवर्षं कागदावर घासली जातात आणि कातडी आपली आपण नवी होते.

वेदनेबद्दल थोडकंच. दाब एका मर्यादेपलीकडे गेला की हात मागे घेणारे रोबॉट बनवले गेलेत. यंत्र मोडू नये आणि शेजारच्या माणसाला इजा होऊ नये म्हणून ते गरजेचंच आहे. विजेचा भार वाढला की घरातला एमसीबी, म्हणजे वीज तोडणारा खटका, पडतो. एमसीबीला दुखलं असं आपण म्हणत नाही. ज्यांना खरंच दुखतं त्यांच्यासाठी तो शब्द राखून ठेवायला हवा.

हात गमावलेल्यांबद्दलचं वाक्य मात्र मला घाईने सोडायचं नाही, कारण हा मेसेज असेही लोक वाचतात. मशीनमध्ये हात गेलेले कामगार आपल्या शहरात आणि पीथमपूरच्या कारखान्यांत आहेत. खरं काय घडलंय ते सांगते. डेन्मार्कच्या डेनिस ओबो सोरेन्सन यांचा डावा हात फटाक्याच्या अपघातात गेला होता. रोममध्ये त्यांच्या दंडातल्या मज्जातंतूंमध्ये बारीक इलेक्ट्रोड, म्हणजे विजेचे संकेत पोहोचवणारे तुकडे, बसवले आणि कृत्रिम हातातल्या सेन्सरचे संकेत त्यांतून पाठवले. डोळ्यांवर पट्टी बांधलेली असताना वस्तू गोल आहे की चौकोनी, मऊ आहे की कडक, हे त्यांना सांगता आलं. फेब्रुवारी २०१४ मध्ये हे प्रसिद्ध झालं. महिनाभराने इलेक्ट्रोड काढावे लागले, कारण चाचणीच्या सुरक्षेचे नियम तेवढ्याच काळाचे होते. २०२१ मध्ये पिट्सबर्गला नेथन कोपलंड या मणक्याच्या इजेने हातपाय लुळे पडलेल्या माणसाच्या मेंदूत थेट स्पर्शाचे संकेत दिले, तेव्हा यांत्रिक हाताने वस्तू उचलून ठेवायला लागणारा त्यांचा वेळ निम्म्यावर आला. हे प्रयोग वाचून माझे डोळे भरून आले. स्पर्श नसेल तर हात किती अडतो, हे त्यातून दिसतं. बोटांची टोकं बधिर केली तर धडधाकट माणसालाही काडेपेटीची काडी ओढायला किती धडपडावं लागतं, अशी चित्रफीत योहान्सन यांनीच दाखवली आहे. काडी पडते, पुन्हा उचलतो, पुन्हा पडते. एरवी काडी निसटू लागली तर बोटं सेकंदाच्या दहाव्या भागाच्या आत पकड घट्ट करतात, आपल्याला कळायच्याही आधी.

पण "मिळू लागले आहेत" हे खरं नाही. दुकानात, शिबिरात जे कृत्रिम हात मिळतात त्यांतल्या बहुतेकांना काहीच जाणवत नाही. पकड किती घट्ट झाली हे माणूस डोळ्यांनी बघून ठरवतो. माझ्या ओळखीच्या एका भाऊंना एका शिबिरात असा हात मिळाला, आणि देताना त्यांना सांगितलं गेलं की सवय झाली की सगळं जाणवेल. तीन महिने ते स्वतःलाच दोष देत राहिले, आपल्यालाच जमत नाही म्हणून. एका खोट्या वाक्याने माणसाला किती त्रास होतो, ते मी तेव्हा बघितलं.

आणि शेवटचं, ब्रेलवर वर्षं घालवू नका हे.

फोन मोठ्याने वाचून दाखवतो, आणि माझी मुलं तो दिवसभर वापरतात. मीच त्यांना शिकवते. पण ऐकून "दीन" आणि "दिन" यांतला फरक कळत नाही. जोडाक्षर कुठे आहे, परिच्छेद कुठे संपला, गणितात घातांक वर आहे की शेजारी, हे कानाला दिसत नाही. ज्या मुलांनी फक्त ऐकूनच शिक्षण केलं त्यांना अर्ज लिहायला बसवलं की हे लगेच उघडं पडतं. इथल्या मराठी मुलांचं तर आणखी एक आहे. त्यांच्या आसपासच्या हिंदीत ळ नाही. ब्रेलचं अक्षर सहा टिंबांच्या चौकटीत बसतं, डाव्या रांगेत एक-दोन-तीन, उजव्या रांगेत चार-पाच-सहा. भारती ब्रेलमध्ये, म्हणजे आपल्या भाषांच्या ब्रेलमध्ये, ळ म्हणजे उजव्या रांगेतली तिन्ही टिंबं. मुलं ते अक्षर बोटाने पहिल्यांदा ओळखतात तेव्हा "बाळ", "काळं", "फळा" असे आजीच्या तोंडचे शब्द आपणहून सांगू लागतात.

वाचन बोटाने होतं असं आपण म्हणतो, पण ते फक्त बोटात होत नाही. १९९६ मध्ये सादातो या संशोधकाने आणि सहकाऱ्यांनी दाखवलं की लहानपणापासून अंध असलेली माणसं ब्रेल वाचतात तेव्हा मेंदूचा एरवी बघण्याचं काम करणारा भाग कामाला लागतो. २००० मध्ये एका जन्मापासून अंध बाईंची नोंद छापली गेली. त्या सराईत ब्रेल वाचक होत्या. मेंदूच्या त्याच मागच्या भागाला झटका आला, आणि नंतर बोटांना टिंबं लागत होती पण त्यांचा अर्थ लागेना. बोट शाबूत होतं, वाचन गेलं होतं. मेंदूची ही घडण लहान वयात, रोज थोडं थोडं वाचून होते. वर्षं वाया जातात असं मेसेज म्हणतो ती वर्षं हीच. आणि बिंदू खाली-वर होऊन ओळी बदलणारे ब्रेल डिस्प्ले निघालेत, संगणकाला जोडता येतात. तेही शिकलेलं बोट असेल तरच उपयोगी.

त्या मुलीचे वडील परवाच्या रविवारी ब्रेल लिहायची पाटी आणि स्टायलस, म्हणजे टिंबं टोचायची टोचणी, परत द्यायला आले. सोबत तीही होती. मी वाद घातला नाही. एका जाड कागदाच्या पट्टीवर घाईघाईने दोन शब्द टोचले, "मामा" आणि "नाना". ब्रेलमध्ये म आणि न यांच्यात एका टिंबाचा फरक आहे, पाचव्या. पट्टी त्यांच्या हातात दिली आणि म्हटलं, दादा, डोळे मिटून सांगा दोन्ही शब्द सारखे आहेत की वेगळे. त्यांनी बोट चांगलं दाबून धरलं. म्हणाले, ताई, नुसतं खरखरीत लागतंय.

मुलीने पट्टी घेतली. तर्जनी एकदा इकडून तिकडे गेली, परत आली, एका जागी जरा रेंगाळली. "मामा. नाना. मावशी, दुसऱ्या न चं पाचवं टिंब नीट टोचलं नाहीस तू."

मी कागद खिडकीशी धरून बघितला. खरंच ते टिंब अर्धवट उठलं होतं, सावलीसुद्धा धड पडत नव्हती. वडिलांनी तिला विचारलं, तुला कसं कळलं गं. तिने त्यांचं बोट धरून पट्टीवर ठेवलं.

"बाबा, दाबू नका ना एवढं. हलकं ठेवा. आता सरकवा."